थांबामामा

आमच्या घरात फोनवर "जेवलात का?" असं कुणी विचारत नाही. "मामा, कांदा विकला का?" असं विचारतात. एप्रिलमध्ये विचारलं तर मामा म्हणतात, "आत्ता तर काढलाय. वारं तरी लागू दे त्याला." जूनमध्ये म्हणतात, "पाऊस पडू दे." ऑगस्टमध्ये, "गणपती होऊन जाऊ दे." सप्टेंबरात, "पितरं चाललीत, पितरात कुठं गिऱ्हाईक असतंय?" ऑक्टोबरात मामा फोनच उचलत नाहीत. मामी उचलतात आणि सांगतात, "हे बराखीत हायेत." त्या दिवसांत बराखीत मामा आणि कोंब फुटलेला कांदा एवढे दोघंच असतात, आणि दोघांचाही मुक्काम हलण्याची चिन्हं नसतात.

नाशिककडे जिला कांदाचाळ म्हणतात, तिला आमच्या शिरूर-आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात बराख म्हणतात. बरॅकचंच हे गावाकडचं रूप. मामांची बराख पाहिली की शब्द अगदी चपखल वाटतो. फौज आत भरली जाते, शिस्तीत थरावर थर लागतो, आणि मग कूच करण्याचा हुकूम काही केल्या येत नाही.

गावानं त्यांचं नाव थांबामामा ठेवलंय. खरं नाव सातबाऱ्यावर आहे, ते तिथंच राहू द्या. शिवाय असा एक थांबामामा भीमेच्या दोन्ही काठांवर गावटी एक तरी सापडेलच, तेव्हा कुणी अंगाला लावून घेऊ नये.

मामांचं गाव शिरूर तालुक्यात, आमचं घर दौंडला. मध्ये भीमा. चौफुल्यावरून निघून पारगावचा पूल ओलांडला की तालुका बदलतो, आणि आमच्या लहानपणी त्याबरोबर आयुष्याचा कायदाही बदलायचा. वडील दौंडला रेल्वेत गार्ड. पगाराची तारीख ठरलेली, हातात घड्याळ, आणि झेंडे दोनच, हिरवा आणि लाल. मामांकडे झेंडा एकच. तो कुठल्या रंगाचा ते गेल्या शतकात ठरायचं राहून गेलं.

दौंडचं स्टेशन मात्र मामांना फार प्रिय. 1878 साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. तेव्हापासून पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला तोंड फिरवायची. पुढचं इंजिन सुटायचं, फिरून मागच्या टोकाला लागायचं, तोवर प्रवासी चहा पिऊन, भांडून, समेट करून मोकळे व्हायचे. मामा फलाटावर उभे राहून कौतुकानं बघायचे. "बघ भाच्या, एवढी मोठी गाडी, पन दौंडात थांबून इचार करती. मंग फिरवती तोंड." आता कॉर्ड लाईन झाली आहे. कितीतरी गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर वळतात. मामांना हा उतावळेपणा पसंत नाही.

मी स्वतः विमा कंपनीत सत्तावीस वर्षं काढली. धोक्याला किंमत लावणं हे माझं पोटापाण्याचं काम. मामांनी माझ्याकडून एकही पॉलिसी घेतली नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी दिलेल्या उत्तराचं वाटतं. "मेल्यावर मिळनार म्हंतोस? मंग थांब. बघू." पीकविम्याबाबतही तीच तऱ्हा. राज्यात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा मिळू लागला, तेव्हा मामींनी आग्रह करून बाजरीचा विमा उतरवायला लावला. पाऊस वेळेवर झाला, बाजरी कमरेएवढी आली, कणसं भरली. सगळं शिवार खुशीत, आणि मामा ओसरीवर खिन्न. "काय झालं?" तर म्हणाले, "रुपया वाया गेला."

कांद्याच्या बाबतीतलं हे थांबणं मात्र मूळचं नाही हो. 2019 पर्यंत मामा गावातले सगळ्यात चटपटीत विक्रेते होते. कांदा काढला, प्रतवारी केली, पिशव्या भरल्या, बाजारात. त्या वर्षी जुलैत त्यांनी सगळी बराख दहा किलोला एकशे वीस रुपयांनी मोकळी केली आणि आडतदाराची पट्टी खिशात घालून मिसळ खाऊन आले. (आमच्याकडे भाव दहा किलोचा बोलतात. नाशिकवाले क्विंटलचा बोलतात, त्यामुळे त्यांचं सुख आणि दुःख दोन्ही दहापट वाटतं.) बांधालगतच्या चुलतभावाचा कांदा मात्र त्या वर्षी विकायचा राहिला. हुशारीनं नव्हे. त्याच्या मुलीचं लग्न होतं, पाठोपाठ स्वतः पाय मोडून घेतला, आणि या गडबडीत बराखीकडे बघायला कुणी नव्हतं. तेवढ्यात भाव चढायला लागले. सप्टेंबरअखेर निर्यातबंदी आली, तरी चढत राहिले. डिसेंबरात सोलापूरच्या बाजारात कांद्यानं क्विंटलला वीस हजारांचा टप्पा गाठला, टीव्हीवर कांद्याची आरती सुरू झाली. चुलतभावानं त्याआधीच, नोव्हेंबरात, पाय प्लास्टरमध्ये असताना, दहा किलोला साडेपाचशेनं कांदा काढला. त्या पैशात पिकअप घेतली आणि मागच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: कांद्याची कृपा.

ही पिकअप दिवसातून चार वेळा मामांच्या दारावरून जाते. जाताना दिसतो फाळका, म्हणजे नेमकी तीच अक्षरं.

एकशे वीसचा भाव जुलैत वाईट नव्हता. मामांचा खर्च सुटून वर चार पैसे राहिले होते. पण त्या दिवसापासून मामांच्या हिशेबात खर्च हा आकडाच उरला नाही. एकच आकडा उरला, साडेपाचशे, आणि तोही दुसऱ्याच्या पट्टीवरचा. दोनशे मिळाले तरी मामांना दोनशे मिळाल्यासारखं वाटत नाही, साडेतीनशे गेल्यासारखं वाटतं. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनात ठोकलेल्या खुंटीपासून मोजतो. मामांची खुंटी चुलतभावानं ठोकली.

या खुंटीचं शास्त्र डॅनियल काहनमन आणि अॅमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात मांडलं. पुढे 2002 मध्ये काहनमनना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की 1996 मध्येच वारले होते, आणि नोबेल मागे राहिलेल्यालाच देतात. त्यांच्या लेखात साधे प्रश्न आहेत, विद्यार्थ्यांना विचारलेले. मी त्यातले दोन मामांना विचारायचं ठरवलं. जागा चौफुल्याची चहाची टपरी, परीक्षार्थी मामा आणि मामी, साक्षीदार टपरीवाला.

"मामा, एकीकडे तीन हजार रुपये नक्की. दुसरीकडे चार हजार, पण शंभरातल्या ऐंशी वेळाच मिळणार, वीस वेळा काहीच नाही. काय घ्याल?"

"रोख का उधारी?"

"रोख."

"मंग तीन हजार आन हिकडं. चाराच्या नादी कोन लागतंय?"

तिकडच्या विद्यार्थ्यांतही शंभरात ऐंशी जणांनी तीन हजारच घेतले होते. मी खूश झालो आणि दुसरा प्रश्न टाकला. "आता तीन हजार रुपये नक्की जाणार. किंवा ऐंशी टक्के शक्यता चार हजार जाण्याची आणि वीस टक्के काहीच न जाण्याची. बोला."

मामांचा चहा बशीत राहिला. "काहीच न जान्याची हाय म्हंतोस?"

"वीस टक्के."

"मंग थांबू की!"

तिथंही शंभरात ब्याण्णव जणांनी असाच जुगार पत्करला होता. मिळण्याच्या वेळी सावध असलेला माणूस जाण्याच्या वेळी धाडसी होतो. नक्की तोटा हा शब्दच त्याला सोसत नाही. त्यापेक्षा मोठ्या तोट्याची वाट बघत बसणं त्याला बरं वाटतं, कारण त्या वाटेवर वीस टक्क्यांचं एक झाड असतं आणि त्याखाली बसता येतं. मी हे सगळं समजावून सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं, "म्हंजी ब्याण्णव लोकांत हाय ना मी? मंग पास झालो."

मामींना विचारलं तर त्यांनी उलट मलाच प्रश्न केला. "हे पैसं न्हेनारा कोन हाय? त्याला म्हनावं, आधी हजारच ने. बाकीचं पुढच्या बाजारी बघू." मी म्हणालो, मामी, प्रश्नात तशी सोय नाही. त्या म्हणाल्या, "मंग प्रश्न इचारनाऱ्यानं कधी संसार केला नसंल." हे उत्तर 'इकॉनोमेट्रिका'त नाही.

मामांचं हे धाडस आणि सावधपण कांद्यापुरतं राहत नाही. काष्टीच्या बाजारातून त्यांनी दोन म्हशी आणल्या होत्या. एक निघाली बारा लिटरची, दुसरी भाकड. सहा महिन्यांत पैशाची गरज लागली. कुठली विकावी? चांगल्या म्हशीला घेतल्यापेक्षा दहा हजार जास्त येत होते. मामांनी ती तिथल्या तिथं देऊन टाकली आणि गावभर फायदा सांगितला. भाकड अजून दावणीला आहे. "घेतली त्या किमतीला जाऊ दे, मंग इकतो." ती त्या किमतीला जाण्याची वाट बघत वर्षाला दोन ट्रॉल्या कडबा खाते. शेअरबाजारातली माणसंही नफ्यातला शेअर घाईनं विकतात आणि बुडता शेअर उराशी धरतात, असं 1985 साली शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोघांनी दाखवून दिलं. मी हे मामांना सांगितलं नाही, कारण माझ्याही डीमॅट खात्यात एक भाकड आहे आणि मामींना ते ठाऊक आहे.

भीतीचंही तसंच. शिरूरच्या पट्ट्यात बिबट्याची दहशत आहे, माणसं गेली आहेत, त्यावर हसण्यासारखं काही नाही. रात्रीच्या लाईटीवर मोटार चालू करायला जाताना मामा हातात काठी, गळ्यात मफलर, खिशात मोबाईलवर भजन मोठ्या आवाजात असे निघतात, आणि ते बरोबरच आहे. पण हेच मामा सकाळी रांजणगावला जाताना नगर रोडवर एक किलोमीटरचा वळसा वाचवायला, उसाच्या ट्रॉल्या आणि कंटेनरच्या तोंडावर, उलट्या दिशेनं मोटारसायकल घालतात. डोक्याला टोपी. "हेल्मेटनं कान बंद होत्यात, बिबट्या आला तर ऐकू येत न्हाई." सकाळी साडेनऊ वाजता. नगर रोडवर.

आता 2023 सांगतो, कारण मामांचं खरं शिल्प तिथं आहे. त्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता, दोन रुपये मिळाले, आणि तेही पुढच्या तारखेच्या धनादेशानं. एप्रिलमध्ये मामांनी 420 पिशव्या गरवा कांदा बराखीत घातला, तेव्हा भाव होता दहा किलोला ऐंशी-नव्वद. तेव्हा न विकणं शहाणपणाचंच होतं, आम्हीही तेच म्हणालो. ऑगस्टच्या मध्याला भाव सव्वादोनशेला टेकला. मामी म्हणाल्या, काढा. मामा म्हणाले, तीनशे होऊ दे. 19 ऑगस्टला केंद्र सरकारनं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. नाशिककडे लिलाव बंद पडले. सरकारनं क्विंटलला 2,410 रुपयांनी दोन लाख टन खरेदीची घोषणा केली. मामांनी भागाकार केला, "दोनशे एक्केचाळीस? मी काय येडा हाय?" ऑक्टोबरअखेर भाव खरोखरच चारशेच्या पुढे गेला. मामांचं तीनशे कधीच मागे पडलं होतं. तोपर्यंत मनातला आकडा साडेपाचशे झाला होता, त्यात गेल्या चार वर्षांचं व्याज धरून सहाशे. 28 ऑक्टोबरला सरकारनं टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं. मामा म्हणाले, "ही हूल हाय. थांबायचं."

बराखीला हे सगळं माहीत नव्हतं. बराखीत कांदा रोज थोडा थोडा वाळत होता, सडत होता, कोंब काढत होता. चार-पाच महिने ठेवलेल्या कांद्याचा चौथा हिस्सा, कधी तिसरा, असाच जातो. मामा भावाकडे बघत होते, वजनाकडे नाही. भाव रोज मोबाईलवर येतो, वजन कुणी व्हॉट्सअॅपवर टाकत नाही.

शेवटी 7 डिसेंबरला रात्री मामी बोलल्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही, पण मामांनी आयुष्यात पहिल्यांदा एका रात्रीत निर्णय घेतला. उद्या विकायचा. चुलतभावाला फोन करून पिकअप सांगितली. पहाटे पिशव्या भरून, शिवून, गाडी बाजाराला लागली. 8 डिसेंबरला सकाळी बाजारात गेले तर बोली बोलायला माणूस नाही. रात्रीतून निर्यातबंदी आली होती. भाव निम्म्यावर. 420 पैकी धड पिशव्या 110 निघाल्या. बाकीचा माल बाजाराच्या भाषेत बदला.

वाचकांना माहीत नसेल तर सांगतो: सुपर गोळा, मग दोन नंबर, मग गोल्टी, आणि कोंब फुटलेला, काजळी धरलेला, मऊ पडलेला तो बदला. मामा 2019 चा बदला घ्यायला थांबले होते. तो त्यांना 310 पिशव्या मिळाला.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये चुलतभाऊ एक शब्द बोलला नाही. मामा म्हणतात, तो बोलला असता तर बरं झालं असतं. आणि त्या दिवसापासून मामांची पक्की खात्री आहे की दिल्लीत कुणीतरी त्यांच्यावर नजर ठेवून आहे. इकडे पिशवी शिवली की तिकडे अधिसूचना निघते.

माझं विमाकंपनीतलं डोकं सांगतं की मामा चुकतात. पण काहनमनच्या प्रश्नात ऐंशी टक्के हा आकडा छापून दिलेला असतो. कांद्यात तो कोण देणार? शिकागोचा अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यानं 1921 मध्येच लिहून ठेवलंय की धोका वेगळा आणि अनिश्चितता वेगळी. धोक्याचं गणित मांडता येतं, अनिश्चिततेचं नाही. ऑगस्टात शुल्क, ऑक्टोबरात किमान मूल्य, डिसेंबरात बंदी, पुढच्या मेमध्ये बंदी उठून पुन्हा शुल्क. एवढ्या वेळा नियम फिरल्यावर मला अंदाज बांधता येतो असं म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतो किंवा तो चुलतभाऊ असतो. आमच्या कंपनीनं कांद्याच्या भावाचा विमा कधी काढला नाही. आम्ही मरणाचा अंदाज बांधू शकतो.

तरी मामांच्या थांबण्याचं कारण बाजारात नाही, असं माझं मत आहे. ते कारण पट्टीत आहे. आडतदार देतो तो कागद: वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, भाडं वजा, आणि तळाशी एक आकडा. कांदा बराखीत असतो तोवर मामा मनातल्या मनात अडीच लाखांचे मालक असतात. पट्टी हातात आली की ऐंशी हजारांचे होतात, आणि मुख्य म्हणजे कायमचे होतात. न विकलेल्या कांद्याचा तोटा कुणाला दिसत नाही. पारावर कुणी विचारलं "काय भावानं गेला?" तर "थांबलोय" या उत्तरावर कुणी हसत नाही. उलट दोन माणसं मान डोलावतात. मामांना पैसे जाण्याचं भय आहेच, पण त्याहून मोठं भय आहे ते आकडा सांगावा लागण्याचं.

2024 मध्ये मामांनी शपथ घेतली. आता थांबायचं नाही. 4 मेला निर्यातबंदी उठली, मामांनी त्याच महिन्यात दहा किलोला दीडशेनं सगळी बराख झाडून विकली आणि रिकाम्या बराखीत खाट टाकून झोपले. सप्टेंबरात किमान मूल्य हटलं, शुल्क निम्मं झालं, भाव चारशेच्या पुढे. पिकअप दिवसातून सहा वेळा जाऊ लागली. मामा गेल्या वर्षीचं पंचांग बघून यंदाचा मुहूर्त काढतात, ही त्यांची एकच खोड आहे. बाकी माणूस लाख मोलाचा.

2025 ला काय करायचं? मामांनी देवावर सोडलं. रांजणगावच्या महागणपतीला गेले, तीन चिठ्ठ्या लिहिल्या: 'विक', 'थांब', आणि 'परत चिठ्ठ्या टाक'. नातीनं उचलली ती तिसरी. मामा प्रसन्न होऊन घरी आले.

देवावर सोडायची ही पद्धत शिरूरला जुनी आहे, आणि देव देशीच पाहिजे असंही नाही. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस 1809 साली वारला. लोक त्याला सत्पुरुष मानू लागले, आणि सुगीला आसपासच्या गावचे लोक नव्या धान्याचा पहिला वाटा त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून नेत, अशी जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. मी हे मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. मामा विचारात पडले आणि म्हणाले, "धान्याचं कळत आसंल सायबाला. कांद्याचं न्हाई कळायचं."

मग मामींनीच तोड काढली. बराखीच्या मधोमध बांबूची ताटी उभी केली. म्हणाल्या, डावी बाजू तुमची, उजवी माझी. दोनशे दहा पिशव्या तुमच्या, दोनशे दहा माझ्या. तुम्ही तुमचं थांबा.

1 एप्रिल 2025 ला निर्यातशुल्क पूर्ण उठलं. मामांनी गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "आता बघ, परदेशाची दारं उघडली." मेच्या शेवटच्या आठवड्यात दौंड-बारामती-इंदापूरकडे आभाळ फाटलं, मेमध्ये कधी बघितला नव्हता असा पाऊस झाला, आमच्या दौंडच्या घरातही पाणी आलं. मामा म्हणाले, "कांदा भिजला सगळीकडं. आता भाव." भाव दहा किलोला शंभर-सव्वाशेच्या आसपास लोळत राहिला. जून गेला, आषाढी गेली, गणपती गेले, पितरं जेवून गेली.

मामी दर आठवड्याला दहा पिशव्या काढत होत्या. चुलतभावाच्या पिकअपला नियमाचं गिऱ्हाईक मिळालं म्हणून त्यांनी पिशवीमागं भाडं पाच रुपये कमी करून घेतलं. एखाद्या आठवड्यात दीडशे मिळाले, एखाद्यात नव्वद. पट्टी आली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा आणि विसरायचं. काळ आणि निर्णय दोन्ही मामींनी एकाच खिळ्याला टांगले होते. मी एकदा विचारलं, "मामी, नव्वदनं दिलात तेव्हा वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पन दहाच पिशव्यांचं वाटलं."

मामांना कालनिर्णयवरचे नव्वदचे तीन चौकोन पाठ आहेत. दीडशेचे त्यांना दिसत नाहीत. एकवीस आठवड्यांत उजवी बाजू संपली, सरासरी पडली एकशे अठरा. साडेपाचशेच्या मानानं हा काही भाव नव्हे, हे मामा मला दोनदा म्हणाले.

दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा मामा ताटीजवळ उभे होते. डावीकडून वास येत होता. उजवी बाजू झाडून, शेणानं सारवून, तिथं मामींनी बाजरीच्या कणग्या मांडल्या होत्या. मामांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "मामीनं कशी एकशे अठरानं काढली ते पारावर बोलू नको बरं का."

"का? चांगलंच झालं की."

"म्हनूनच."

डावीकडे आज निवडून सवरून सत्तर पिशव्या गोळा आणि साठ-पासष्ट पिशव्या बदला शिल्लक आहे. हॉटेलवाल्यांना, मसालेवाल्यांना किंवा गुरांसाठी कुणाला घ्यायचा असेल तर न्हावऱ्याच्या चौकात येऊन थांबामामांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. भावाचं मात्र मामींशीच बोला. मामांना विचारलंत तर चहा मिळेल, बसायला खाट मिळेल, आणि संध्याकाळपर्यंत तुम्हीही थांबाल.